चिनी साहित्यातला वाघ: पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी वाटाड्या

चिनी वाघकथा वाचायच्या आहेत, पण सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की मी आधी एका रडणाऱ्या बाईची गोष्ट सांगते.

कन्फ्यूशियस शिष्यांबरोबर ताइशान डोंगराच्या कडेने चालला होता. वाटेत एका थडग्यापाशी एक बाई आक्रोश करत होती. गाडीच्या कठड्यावर हात टेकून त्याने ते रडणं ऐकलं आणि त्झ-लू या शिष्याला चौकशीला पाठवलं. ‘तुमचं रडणं एका दुःखाचं वाटत नाही,’ शिष्य म्हणाला. बाई म्हणाली, ‘खरंय. आधी माझ्या सासऱ्याला इथे वाघाने मारलं. मग नवऱ्याला. आता मुलगाही वाघानेच नेला.’ मग हा मुलूख सोडून का जात नाही, असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘इथे जुलमी राज्य नाही.’ कन्फ्यूशियस शिष्यांना म्हणाला, ‘पोरांनो, ध्यानात ठेवा. जुलमी राज्यकारभार वाघाहून भयंकर असतो.’

‘ली जी’ या प्राचीन ग्रंथात ही गोष्ट जेमतेम काही ओळींत आहे. पुढच्या दोन हजार वर्षांच्या चिनी वाघकथांची किल्ली मला तिच्यात सापडली. गोष्टीत वाघ दिसतच नाही. दिसते ती तीन माणसं गमावूनही तिथेच राहणारी बाई, आणि डोंगरापलीकडचं ते राज्य जिथे जायला ती तयार नाही. म्हणून पुढच्या सगळ्या वाचनासाठी एकच सवय लावून घ्या: वाघाकडे नंतर बघा, आधी त्याच्यासमोर कोण उभं आहे आणि त्या माणसामागे कुठलं सरकार आहे ते बघा.

पहिली पायरी: शब्दाची ओळख

चिनी शिकल्याशिवाय या गोष्टी वाचता येतात, पण एका शब्दाशी मैत्री हवी. वाघ म्हणजे ‘हू’. बोलताना लोक म्हणतात ‘लाओहू’. ‘लाओ’ म्हणजे म्हातारा, आणि वडीलधाऱ्या ओळखीच्या माणसाला हाक मारतानाही तोच शब्द लागतो. आपल्या ‘वाघोबा’तला ‘बा’ आठवावा असं हे नाव. फक्त चिनीत उंदरालाही हाच मान मिळतो, त्यामुळे त्यात फार भक्ती शोधायला जाऊ नका.

आता खरी अडचण. कोल्हाही ‘हू’च. फरक सुरांचा. कोल्ह्याचा ‘हू’ वर चढतो, वाघाचा ‘हू’ खाली उतरून पुन्हा वर येतो. देवनागरीत दोन्ही एकसारखेच दिसतात. वू सोंग या वाघमाऱ्याची गोष्ट ज्या कादंबरीत आहे तिचं नाव ‘शुइहू झ्वान’. त्यातल्या ‘हू’चा सूर थेट वाघाचाच, पण अर्थ ‘काठ’, पाण्याचा काठ. मी कित्येक दिवस ते नाव ‘पाणवाघ’ असं काहीतरी समजून चालले होते. नाव दिसलं की अर्थ तपासा, आवाजावर जाऊ नका.

जुन्या कथांत वाघाला कधी ‘दा-छोंग’ही म्हणतात, शब्दशः ‘मोठा किडा’. जुन्या चिनीत ‘छोंग’ हा शब्द प्राणिमात्राला चालायचा. भाषांतरात ‘मोठा किडा’ असं काही विचित्र आलं तर गोंधळू नका, तो वाघच आहे.

एक चिन्हही ओळखून ठेवा. ‘वांग’, म्हणजे राजा, हे अक्षर तीन आडव्या रेघा आणि मधून एक उभी असं लिहितात. वाघाच्या कपाळावरच्या पट्ट्यांत चिनी लोकांना हेच अक्षर दिसतं. लहान मुलांच्या वाघाच्या तोंडाच्या टोप्यांवर आणि बुटांवर ते भरतकामात काढलेलं असतं.

दुसरी पायरी: चार अक्षरांच्या गोष्टी

जाड कादंबरी आधी उघडू नका. मी ती चूक केली होती, आणि नावांच्या गर्दीत हरवून वर्षभर पुस्तक बाजूला ठेवलं होतं. चिनी भाषेत चार अक्षरांच्या म्हणी असतात आणि बहुतेकींच्या पोटात एक गोष्ट असते. तिथून सुरुवात करा.

‘हू ज्या हू वेइ’, कोल्हा वाघाचा रुबाब उसना घेतो. वाघाने कोल्ह्याला पकडलं. कोल्हा म्हणाला, ‘मला खाऊ नको, देवाने मला सगळ्या जनावरांचा मुखिया केलंय. खोटं वाटत असेल तर माझ्यामागून चल आणि बघ कोण पळत नाही ते.’ दोघे निघाले, जनावरं पळाली, आणि ती आपल्याला भिऊन पळाली हे वाघाला कळलंच नाही. इथवर ही आपल्याला परकी वाटत नाही, पंचतंत्रावर वाढलेल्या माणसाला तर नाहीच. पण ती मुळात सांगितली कुठे ते वाचा. छू राज्याच्या श्वान राजाने दरबारात विचारलं, उत्तरेकडची राज्यं आपल्या सेनापतीला म्हणे भितात, हे खरं का? सगळे गप्प. ज्यांग यी नावाचा मंत्री ही गोष्ट सांगतो आणि म्हणतो, महाराज, ते तुमच्या सैन्याला भितात. म्हणजे भर दरबारात सेनापतीला कोल्हा म्हटलं गेलंय. आणि राजाला वाघ म्हणताना, त्याच्या मागून चालणाऱ्या गोष्टींचा त्याला पत्ता नाही, हेही म्हटलं गेलंय.

ज्या ग्रंथात हे आहे, त्या ‘झान्ग्वो त्स’मध्ये अशा डावपेचांच्या गोष्टी खच्चून भरल्या आहेत. त्यातलीच दुसरी: वेइ राज्याचा मंत्री पांग त्सोंग राजपुत्राबरोबर ओलीस म्हणून झाओ राज्याच्या राजधानीत, हानदानला निघाला. जाण्यापूर्वी त्याने राजाला विचारलं, एक माणूस म्हणाला की बाजारात वाघ आलाय, तर विश्वास ठेवाल? नाही. दोघे म्हणाले तर? शंका येईल. तिघे म्हणाले तर? विश्वास ठेवीन. ‘बाजारात वाघ येत नाही हे उघड आहे, तरी तीन तोंडांनी तो येतो. हानदान तर बाजाराहून कितीतरी दूर आहे, आणि माझ्यामागे बोलणारे तीनाहून जास्त असतील.’ आपल्याकडे तीन ठग बोकडाला कुत्रा करून टाकतात, तोच खेळ. पण ब्राह्मणाचं नुकसान एका बोकडाचं होतं. पांग त्सोंग परतला तेव्हा राजाने त्याला भेटही दिली नाही.

या पायरीवर वही ठेवा. प्रत्येक म्हणीखाली तीन ओळी लिहा: गोष्ट काय, ती कोणी कोणाला सांगितली, आणि सांगणाऱ्याला काय हवं होतं. तिसरी ओळ सोडू नका, सगळा रस तिथे आहे.

तिसरी पायरी: अद्भुत नोंदी

चौथ्या शतकातल्या गान बाओचा ‘सौ-शन-जी’ हा संग्रह अद्भुताच्या नोंदींचा आहे. गान बाओ दरबारी इतिहासकार होता, आणि लिहितोही तसाच. भुताची गोष्टसुद्धा गाव, नाव, घटना अशी कोरडी. या कोरडेपणाची सवय व्हायला वेळ लागतो, पण एकदा झाली की त्यातला ओलावा लक्षात येतो.

सू यी ही लूलिंगची सुईण. एका रात्री वाघ तिला उचलून नेतो. सहा-सात ली चालून एका मोठ्या खड्ड्यापाशी तिला जमिनीवर ठेवतो आणि राखण करत बसतो. (ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर, सुमार म्हणून एवढं पुरे.) समोर वाघीण. तिला कळा येताहेत, पिल्लू अडलंय, ती मरणाच्या दारात पडलीय आणि मधून मधून वर बघतेय. सू यीच्या ध्यानात येतं. ती हात घालून पिल्लं बाहेर काढते, तीन. मग वाघीण तिला पाठीवर घेऊन घरी सोडते, आणि पुढे कितीतरी वेळा तिच्या दारात रानातलं मांस आणून ठेवते.

गोष्ट संपली. ‘वर बघतेय’ या दोन शब्दांवर थांबा. त्या नजरेमुळे सुईणीला आपण कोणाच्या पुढ्यात आहोत ते विसरता येतं. ती तिचं रोजचं काम करते.

चौथी पायरी: माणसाचा वाघ होतो

इथे सगळ्यात जास्त दिवस काढा.

इ. स. ९७८ मध्ये सोंग राजघराण्याच्या (हान, थांग, मिंग हीही अशीच राजघराणी) दरबारातल्या विद्वानांनी ‘ताइपिंग ग्वांगजी’ हा ५०० खंडांचा प्रचंड कथासंग्रह पुरा केला. ‘खंड’ म्हटलं तरी जुनी गुंडाळी, आपल्या प्रकरणाएवढी. त्यातले ४२६ ते ४३३ हे आठ खंड निव्वळ वाघांचे आहेत. हा आकडा वहीत लिहून ठेवा, कारण पुढे कुठलीही जुनी वाघकथा भेटली की ती बहुधा या आठांत सापडते.

पहिल्याच खंडात फंग शाओ आहे. तो हान काळातला श्वानछंगचा जिल्हाधिकारी. एके दिवशी अचानक त्याचा वाघ झाला आणि तो जिल्ह्यातलीच माणसं खाऊ लागला. लोकांनी त्याला ‘फंग साहेब’ अशी हाक मारली, तेव्हा तो निघून गेला आणि परत आला नाही. लोक म्हणू लागले: फंग साहेब होऊ नका, जिवंतपणी रयतेकडे पाहिलं नाही आणि मेल्यावर रयतच खाल्ली. आपल्याकडे म्हणतात, वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो. फंग शाओला मात्र हुद्द्याने हाक मारली की पुरतं. लाज अजून शिल्लक होती.

त्यापुढच्या खंडात ली झंग. राजघराण्यातला, हुशार, परीक्षा पास झालेला, आणि कोणालाही न जुमानणारा. प्रवासात आजारी पडतो, रात्री वेड्यासारखा धावत सुटतो आणि वाघ होतो. पुढे त्याचा जुना मित्र मोठा अधिकारी होऊन त्याच रानातून जातो. वाघ झेप घालतो, आणि ओळख पटताच गवतात लपतो. गवतातून आवाज येतो: अरेरे, जुन्या मित्रालाच मारणार होतो. मग बराच वेळ दोघे बोलतात. एक घोड्यावर, एक गवतात. ली झंग बायकोमुलांची काळजी घ्यायला सांगतो, पण तोंड दाखवत नाही. १९४२ साली जपानी लेखक नाकाजिमा अत्सुशी याने ही कथा नव्याने लिहिली आणि जपानच्या शाळांतल्या पुस्तकांत ती पोचली. त्यामुळे कुणी जपानी मित्र असेल तर ‘तो वाघ झालेला कवी’ एवढंच म्हणून बघा.

आणि ४२९व्या खंडातली शन्तू छंगची गोष्ट. ती सावकाश वाचा. थांग काळातला हा छोटा अधिकारी नेमणुकीच्या गावी निघालेला असताना हिमवादळात सापडतो. एका झोपडीत म्हातारा-म्हातारी आणि त्यांची तरुण मुलगी शेकोटीशी बसलेली असतात. तो तिच्याशी लग्न करतो. संसार चांगला होतो, एक मुलगा, एक मुलगी. नोकरीची मुदत संपल्यावर परतताना ती एका कवितेत म्हणते की नवराबायकोची माया मोठी खरी, पण डोंगररानाची ओढ आत खोल आहे. पुढे ते त्या झोपडीत येतात. आईबाप नाहीत. ती दिवसभर रडते. मग भिंतीच्या कोपऱ्यात, जुन्या कपड्यांखाली, धुळीने माखलेलं एक वाघाचं कातडं दिसतं. ती खदखदून हसते: ‘हे अजून इथेच आहे, मला ठाऊकच नव्हतं!’ कातडं अंगावर घेते, वाघीण होते, डरकाळी फोडते आणि दार तोडून निघून जाते. नवरा दोन्ही मुलांना घेऊन तिच्या वाटेने शोधत जातो, आणि रानाकडे तोंड करून कितीतरी दिवस रडतो.

या कथेला मी अनेक वाचनांनंतरही ‘शापाची कथा’ म्हणू शकले नाही. तिला कोणी शाप दिलेला नाही. ती हसते. ज्यांनी आपल्याकडची नागकन्येची किंवा अप्सरेची गोष्ट ऐकली आहे त्यांना वाटेल की नवऱ्याने काही अट मोडली असेल. त्याने काहीच मोडलेलं नाही.

पाचवी पायरी: जिंगयांगचा डोंगर

आता कादंबरी. ‘शुइहू झ्वान’ ही मिंग काळातली, ल्यांगशानच्या १०८ बंडखोरांची कथा. सगळी वाचायची गरज नाही, २३वं प्रकरण उघडा. सिडनी शपिरोचं इंग्रजी भाषांतर सुटसुटीत आहे.

वू सोंग भावाला भेटायला निघालाय. वाटेत खानावळ, तिच्यावर निशाण: तीन वाडगे प्यालात तर डोंगर ओलांडू नका. तो पीत सुटतो, लोकांच्या तोंडी हा आकडा १८ वाडग्यांचा आहे. मालक सांगतो की डोंगरावर वाघ आहे, रात्रीचं जाऊ नका. वू सोंगला वाटतं हा गिऱ्हाइकाला मुक्कामी ठेवून लुटायचा बेत. पुढे एका पडक्या देवळावर सरकारी शिक्क्याची नोटीस दिसते, तेव्हा त्याला पटतं की वाघ खरा आहे. परत फिरावंसं वाटतं. पण मालक हसेल! म्हणून तो पुढे जातो.

वाघ येतो तेव्हा प्यायलेली सगळी दारू थंड घामाने बाहेर पडते. वाघाचे तीन डाव असतात: झडप, कंबरेचा हिसका, शेपटीचा तडाखा. तिन्ही चुकवल्यावर वू सोंग दांडका उगारतो, आणि तो झाडाच्या फांदीवर बसून दोन तुकडे होतो. मग नुसत्या मुठी. वाघाचं डोकं जमिनीत दाबून धरलंय, वाघ पायांनी माती उकरतोय आणि पोटाखाली पिवळ्या चिखलाचे दोन ढीग झालेत. हे दोन ढीग मला मुठींपेक्षा जास्त खरे वाटतात.

बहुतेक लोक इथे पुस्तक मिटतात. मिटू नका. वाघ मेल्यावर वू सोंग त्याला ओढायला जातो आणि त्याला हलवताही येत नाही, अंगातलं बळ संपलंय. तो कसाबसा उतरायला लागतो, तर गवतातून आणखी दोन वाघ उठतात. ‘आता मात्र संपलो!’ तो म्हणतो. ते दोघे उभे राहतात. वाघाची कातडी पांघरलेले शिकारी आहेत. वाघ मारला नाही म्हणून या शिकाऱ्यांनी अधिकाऱ्याच्या शिक्षा सोसलेल्या असतात. वू सोंगला मिळालेलं नाण्यांच्या हजार माळांचं बक्षीस तो त्यांनाच वाटून टाकतो. ताइशानची बाई आठवली का?

याच कादंबरीत ली क्वेइ म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन डोंगर चढतो, तिच्यासाठी पाणी आणायला जातो, आणि परत येतो तेव्हा वाघांनी तिला खाल्लेलं असतं. तो चार वाघ मारतो. पण मनाची तयारी असल्याशिवाय ते प्रकरण घेऊ नका.

‘शीयूची’ या माकडराजाच्या कादंबरीतही वाघ आहेत, माकडराजा तर वाघाचं कातडं कमरेला गुंडाळूनच फिरतो. त्यात ज्या भिक्षूला एक राक्षस वाघ करून पिंजऱ्यात घालायला लावतो, तो मूळ इतिहासातला ह्युएनत्संग. सातव्या शतकात पुलकेशीच्या काळी महाराष्ट्रात येऊन गेलेला तोच.

सहावी पायरी: पू सोंगलिंग

पू सोंगलिंग (१६४०–१७१५) शानदोंगचा, आयुष्यभर वरच्या परीक्षेत नापास होत राहिलेला मास्तर. ‘ल्याओझाय’ या त्याच्या संग्रहात जवळजवळ ५०० कथा आहेत. हर्बर्ट जाइल्सचं १८८० चं भाषांतर जालावर फुकट मिळतं, पण त्याने त्या काळाला अवघड वाटणाऱ्या जागा गाळल्या आहेत. जॉन मिनफर्डचं निवडक भाषांतर त्या ठेवतं. शोधताना लक्षात असू द्या: जुन्या भाषांतरांतली नावं वेगळ्या रोमन पद्धतीने लिहिलेली असतात, त्यामुळे एकच माणूस दोन स्पेलिंगने शोधावा लागतो. मूळ चिनी मजकूर ‘चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट’ या संकेतस्थळावर आहे, आणि ‘ली जी’चं जेम्स लेगने केलेलं इंग्रजी भाषांतरही तिथेच शेजारी वाचता येतं.

आधी ‘झाओछंगचा वाघ’ वाचा. सत्तरीच्या म्हातारीचा एकुलता एक मुलगा वाघाने खाल्ला. ती कचेरीत जाऊन फिर्याद करते. न्यायाधीश हसतो, वाघाला कायदा कसा लावू? ती हलतच नाही. शेवटी तो पकड वॉरंट काढतो. ली नंग नावाचा शिपाई दारूच्या नशेत ते काम अंगावर घेतो, शुद्धीवर आल्यावर पस्तावतो, आणि वाघ मिळेना म्हणून महिनाभर फटके खातो. एका देवळात जाऊन तो रडत बसलेला असताना वाघ आत येऊन समोर बसतो. दोर गळ्यात अडकवू देतो. कचेरीत न्यायाधीश विचारतो, ‘तू खाल्लंस?’ वाघ होकाराची मान हलवतो. ‘तिचा मुलगा होशील तर सोडतो.’ पुन्हा मान हलवतो. दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या दारात मेलेलं हरिण. पुढे वाघ तिच्या ओसरीवर येऊन दिवस दिवस पडून राहतो. ती मेल्यावर तो येऊन डरकाळ्या फोडतो, थडग्यापाशी पुन्हा फोडतो आणि जातो.

मग लगेच ‘स्वप्नातले लांडगे’ वाचा. तिथे म्हातारा बाप स्वप्नात अधिकारी झालेल्या मुलाच्या घरी जातो. अंगणात हाडांचे ढीग, कारकुनांच्या जागी लांडगे, आणि पकडायला माणसं आल्यावर मुलगा वाघ होऊन जमिनीवर पडतो. दोन्ही कथा एकाच बैठकीत वाचा, नाहीतर पहिली नुसती गोड वाटेल.

घरातल्या मुलांसाठी

मुलांना सांगायला एकच गोष्ट निवडा. आपल्याकडे मांजर वाघाची मावशी. चीनमध्ये ती वाघाची गुरू. वाघ तिच्याकडून दबा धरणं, झडप घालणं, शिकार खाणं सगळं शिकतो. सगळं आलं असं वाटल्यावर मनात म्हणतो, आता हिला मारलं की मीच सगळ्यात मोठा. तो झेपावतो आणि मांजर झाडावर चढते. तेवढं तिने शिकवलेलं नसतं.

लू शुन या लेखकाला ही गोष्ट त्याच्या आजीने सांगितली. उन्हाळ्याच्या रात्री अंगणातल्या सुगंधी झाडाखाली तो लहान टेबलावर आडवा पडला होता, आजी पंख्याने वारा घालत होती. झाडावर नखांचा खरखर आवाज झाला, दोन चमकते डोळे अंधारातून खाली आले, आणि त्या मांजरावरून आजीने गोष्ट सुरू केली. ती संपल्यावर मुलाच्या मनात आलं: बरं झालं वाघाला घाई होती, नाहीतर आत्ता या झाडावरून वाघच उतरला असता.